पुढल्या वर्षी नाव

अण्णांची वही सापडली, शिलाई मशीनच्या खोक्यात.
खाकी पुठ्ठा, त्यावर टाकानं काढलेली अक्षरं:
पाणकाठ विश्रांती मंडळ, यशवंतसागर. सभासद नऊ.
विश्रांती हा शब्द जरा मोठाच होता.
आत खिळे आहेत, तीन शेर.
पत्रे बावीस, पैकी दोन वाकडे, म्हणून सवलत.
मास्तर घारपुऱ्यांकडून येणे, सव्वा रुपया.

इंदुरातून पहाटेची हातोदची मोटर,
पुढं मिळेल ती बैलगाडी.
वळकट्या, स्टोव्ह, कैऱ्यांची गोण,
लघाट्यांची पेटी, जिचा एक सूर दर उन्हाळ्यात नवीन मरायचा.
नऊ कारकून, नऊ खोल्या, एक संडास.
त्याच्या दारावर घारपुरे मास्तरांनी
ऑइलपेंटमध्ये कमळ काढलं होतं.
आम्ही कमळात जाऊन येतो, म्हणायचो.

सुट्टी पुरुषांना होती.
ते पाण्याकडं तोंड करून बसत, पायजमे गुडघ्यापर्यंत,
आणि हेड ऑफिसबद्दलच बोलत.
बायकांना तीच चूल, फक्त वारा जास्त.
वहिनी, म्हणजे आमची आई,
पदरानं स्टोव्ह झाकून बसलेली आठवते.
संध्याकाळी पलीकडच्या चिखलात सारसांची जोडी उतरायची
तेव्हा मात्र तीही उठायची, पिठाच्या हातांनी,
कोणी तिला हाक मारायचं नाही तेवढा वेळ.

परवा फोनवर नावेचा विषय निघाला.
मोरेश्वर म्हणाला, हिरवी.
विमल म्हणाली, निळी, कडेला पांढरी पट्टी, शपथ.
सुधाकर, आमचं शेंडेफळ, हसलाच:
लाल होती. मी बसलोय तिच्यात, पाय पाण्यात सोडून.
मला रंग आठवत नाही.
डांबराचा वास आठवतो,
आणि तळाला चिकटलेलं एक खवलं.

म्हणून वही उघडली.
एक्कावन्न. नाव : पुढल्या वर्षी.
बावन्न. नाव : पुढल्या वर्षी.
त्रेपन्न. वर्गणी जमली नाही. नाव : पुढल्या वर्षी.
आमची नाव कधी नव्हतीच.
चोपन्नच्या मे महिन्यात फक्त एक ओळ:
भेरू केवटास, नावेबद्दल, रुपये दोन.
खाली: कंदिलाची काच, एक.

त्या रात्री गाडीचा आख मोडला होता
आणि वहिनीचा हिशेब एका महिन्यानं चुकला होता.
दवाखाना पलीकडच्या काठाला.
डरो मती, भेरू म्हणत होता, बहुतेक अण्णांना.
आम्ही सगळी पोरं ओळीनं काठावर.
कंदील लहान होत गेला, मग विझला.
लघाटेकाकूंनी रामरक्षा सुरू केली
आणि त्या मध्येच विसरल्या. कोणी पुढचं सांगितलं नाही.

म्हणजे सुधाकर बसला होता खरा त्या नावेत.
पाय पाण्यात होते, हेही खरंच म्हणायचं.

वहिनीला मी एकदा विचारलं होतं. ती भेंडी पुसत होती.
म्हणाली, रात्र होती गं. रंग कसला?
हाताखाली लाकूड होतं. ओलं.
आणि तुझे अण्णा सारखं विचारत होते, किती वाजले,
घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

सुधाकरला मी काही कळवलेलं नाही.
त्याची लाल आहे ती लाल असू दे.

पान उलटायच्या आधी, तळाशी,
वेगळ्या शाईत, अण्णांच्याच अक्षरात,
जिथं दरवर्षीची ती ओळ यायची तिथं:
चोपन्न. नाव : सुधाकर.
अण्णा रोखपाल होते, विनोद करत नसत.
त्याखाली घारपुऱ्यांचा सव्वा रुपया,
अजून येणे.